बेळगाव हब, बाकी शाखा स्पोक: डीएमव्हीपीएन एक पावसाळा वापरल्यावर

मुख्य ऑफिस (हब) बेळगावात आणि शाखा (स्पोक) खानापूर, नंदगड, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, गोकाक, अथणीला. पतसंस्थेचं असं जाळं साध्या ब्रॉडबँडवर डीएमव्हीपीएन (इंटरनेटवरून शाखा जोडणारं सिस्कोचं टनेल-जाळं) आणि आत ईआयजीआरपी (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) घालून चालवणं लीज लाईनपेक्षा स्वस्त पडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं एमजीआरई (एका टनेलवर अनेक शाखा), एनएचआरपी (कुठल्या शाखेचा पब्लिक आयपी कुठला याची हबवरची नोंद), आयपीसेक (एन्क्रिप्शन) यांबद्दल जास्त इथे लिहीत नाही. अडतं कुठे आणि का, तेवढंच लिहितो.

आधी स्प्लिट होरायझन, कारण सगळ्यात जास्त डोकं यानेच खाल्लं. राउटरच्या ज्या इंटरफेसवरून रूट (एखाद्या नेटवर्कची वाट) कळला त्याच इंटरफेसवरून तो परत सांगायचा नाही, हा नियम. दोन राउटरांमधल्या सरळ लाईनवर तो बरोबरच आहे, लूप टळतो. पण हबवर सगळ्या शाखा एकाच टनेलवर (ब्रॉडबँडवरून काढलेल्या आभासी लाईनवर) येतात. खानापूरच्या नेटवर्कचा रूट १०.२०.११.०/२४ हबपर्यंत पोचतो आणि तिथेच थांबतो, कारण निपाणीला सांगायचं तर त्याच टनेलमधून सांगावं लागतं. नेबर (टनेलवर जोडलेले राउटर) सगळे चालू दिसतात, हबवरून प्रत्येक शाखा पिंग होते, लॉग स्वच्छ असतो. फक्त शाखेतून दुसरी शाखा लागत नाही. सपोर्टवाल्यांना फोन करा, ते हबवरून पिंग करतात, "लाईन ओके आहे" म्हणतात आणि तक्रार बंद करतात. पैसे घेऊन एवढंच बघणार असतील तर सपोर्टचा करार कशाला करायचा?

स्वतः बघायचं तर शाखेच्या राउटरवर 'शो आयपी रूट ईआयजीआरपी' मारा. हबमागची नेटवर्कं दिसतात आणि इतर शाखांचं एकही दिसत नाही, तर लाईनवाल्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. हबच्या टनेलवर 'नो आयपी स्प्लिट-होरायझन ईआयजीआरपी १००' द्या. १०० च्या जागी आपला एएस नंबर (ईआयजीआरपीला दिलेला गट क्रमांक). ईआयजीआरपी नेम्ड मोडमध्ये (नाव देऊन लिहायच्या नव्या पद्धतीत) असेल तर ही ओळ इंटरफेसवर देऊन उपयोग नाही, एएफ-इंटरफेसखाली 'नो स्प्लिट-होरायझन' लागतं. डीएमव्हीपीएनची फेज २ (शाखा-शाखा थेट बोलण्याची जुनी पद्धत) असेल तर जोडीला 'नो आयपी नेक्स्ट-हॉप-सेल्फ ईआयजीआरपी १००' हवंच. ते राहिलं तर रूट दिसतात, पण नेक्स्ट-हॉप (वाटेतला पुढचा राउटर) हबच राहतो आणि निपाणी-चिकोडीचा सगळा डेटा बेळगावला फेरी मारून जातो.

पावसाळ्यापर्यंत हेच उत्तर पुरेसं वाटत होतं. खानापूर-नंदगड भागात लाईट आणि केबल दोन्ही वरचेवर जायला लागल्यावर मत बदललं. स्प्लिट होरायझन बंद असलं की एका शाखेचं जाणं-येणं प्रत्येक शाखेला कळवलं जातं. त्यात स्पोकवर 'ईआयजीआरपी स्टब' (माझ्यातून पुढे वाट नाही, मला विचारू नका, असं हबला सांगणारी ओळ) नसेल तर खानापूरचा रूट गेला की हब बाकी सगळ्या शाखांना क्वेरी पाठवून विचारतो, तुमच्याकडे दुसरी वाट आहे का? कुणाकडेच नसते. अथणीची लाईन तेव्हाच रडत असेल आणि उत्तर आलं नाही, तर डीफॉल्ट ३ मिनिटांनी रूट 'स्टक इन अ‍ॅक्टिव्ह' (उत्तराची वाट बघत अडकलेला) होतो आणि हब अथणीचा नेबर तोडतो. पाऊस खानापुरात, बंद पडली अथणी!

म्हणून स्टब प्रत्येक स्पोकवर, अपवाद नाही. नुसतं 'ईआयजीआरपी स्टब' लिहिलं तर कनेक्टेड (थेट जोडलेली नेटवर्कं) आणि समरी (अनेक रूट मिळून केलेला एक रूट) एवढंच जाहीर होतं. एटीएमसाठी शाखेत स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट असेल तर 'स्टॅटिक' हा शब्द जोडा आणि रीडिस्ट्रिब्यूटही करा.

त्याहून चांगलं म्हणजे डीएमव्हीपीएनची फेज ३, ज्यात हबच शाखेला थेट वाट सुचवतो. हबवर 'आयपी एनएचआरपी रीडायरेक्ट', स्पोकवर 'आयपी एनएचआरपी शॉर्टकट', आणि हबच्या टनेलवरून सगळ्यांना एकच समरी: १०.२०.०.०/१६. समरी हब स्वतः तयार करतो, टनेलवरून शिकलेली नसते, त्यामुळे स्प्लिट होरायझन तिला अडवत नाही. वरची 'नो स्प्लिट-होरायझन'ची ओळ लागतच नाही. नेक्स्ट-हॉपचीही काढून टाका. खानापूर दिवसभर वर-खाली झालं तरी संकेश्वरच्या राउटरला पत्ता लागत नाही. पहिली पाकिटं हबवरून जातात, मग शाखा-शाखा थेट शॉर्टकट बनतो. 'शो आयपी एनएचआरपी'मध्ये दिसतो. अट एकच, शाखांचे आयपी पहिल्यापासून एका गटात वाटलेले हवेत.

दुसरी तक्रार एनएचआरपीची. लाईट जाऊन आली की ब्रॉडबँडचा पब्लिक आयपी बदलतो. हबकडे जुनी नोंद 'युनिक' म्हणून बसलेली असते, म्हणून नवं रजिस्ट्रेशन तो नाकारतो. लॉगमध्ये 'युनिक अ‍ॅड्रेस रजिस्टर्ड ऑलरेडी' येतं. सिस्कोच्या जुन्या आयओएसमध्ये (राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये) होल्डटाइम (नोंद टिकण्याचा वेळ) ७२०० सेकंद, म्हणजे काउंटरवर गर्दी असताना शाखा दोन तासांपर्यंत बंद राहू शकते. स्पोकवर 'आयपी एनएचआरपी रजिस्ट्रेशन नो-युनिक' आणि होल्डटाइम ३०० ठेवा. हबवरची जुनी नोंद एकदा 'क्लिअर आयपी एनएचआरपी'ने काढावी लागते.

टनेलमध्ये पाकिटं मावावीत म्हणून त्यांचा आकार कमी करणारं 'आयपी एमटीयू १४००' आणि 'आयपी टीसीपी अ‍ॅडजस्ट-एमएसएस १३६०' घालाच, नाहीतर पिंग चालतं आणि बँकिंगची स्क्रीन अर्धवट उघडते. टनेलची डीफॉल्ट बँडविड्थ फार कमी धरलेली असते आणि ईआयजीआरपी तिच्या निम्मीच वापरतो. शाखा वाढल्या की अपडेट रेंगाळतात, तेव्हा 'बँडविड्थ' हाताने द्या.

लीज लाईनकडे परत जायचं कारण दिसत नाही. सपोर्टचा करार मात्र यंदा नूतनीकरण न केलेला बरा. त्या पैशात हबसाठी दुसरा राउटर आणि वेगळ्या कंपनीची लाईन घ्या, कारण बेळगावचा एक राउटर बसला की सगळ्या शाखा बसतात.