नवा फ्लॅट की रिसेल: दोष सांगायची जबाबदारी कुणावर, किती?

पुण्या-ठाण्यात घर बघताना बहुतेकांपुढे शेवटी दोन पर्याय उरतात: बिल्डरकडून नवा फ्लॅट किंवा वीस-पंचवीस वर्षांच्या सोसायटीतला रिसेल. तुलना होते ती दराची, पार्किंगची, स्टेशन किती लांब याची. विकणाऱ्यानं कायद्यानं काय सांगायला हवं, हा प्रश्न टोकन दिल्यावर आठवतो. तो आधी पडायला हवा, कारण इथे हे दोन व्यवहार एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

नव्या घराला रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचं (2016) संरक्षण आहे. बिल्डरला जमिनीची मालकी, मंजूर नकाशे, प्रकल्पावरचा बोजा (कर्ज, गहाण वगैरे) आणि चालू दावे महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. तुम्ही न विचारताही ते तिथे असतात. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिलात, तर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून देणं बंधनकारक आहे. बिल्डरला तो दोष माहीत होता का, हे सिद्ध करत बसावं लागत नाही. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेला प्रकल्प नोंदणीतून सुटतो, म्हणून छोट्या इमारतीत घर घेताना नोंदणी क्रमांक आधी मागा.

रिसेलला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो. त्याच्या कलम 55 नुसार मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला महत्त्वाचा दोष विक्रेत्यानं सांगायलाच हवा. पण अट नीट वाचा: तो दोष त्याला माहीत हवा, तुम्हाला माहीत नसावा, आणि साधारण काळजी घेऊनही तुमच्या लक्षात येण्यासारखा नसावा. भिंतीला उघड दिसणारी भेग यात बसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बेडरूमची एकच भिंत ताजी रंगवलेली असेल, तर तिथला वॉर्डरोब उघडून आतली मागची बाजू हातानं चाचपा. ओल बहुतेक तिथेच सापडते. ती तुम्ही बघायला हवी होती, असं म्हणायला विक्रेत्याला जागा ठेवू नका.

याच कलमात खरेदीदाराच्या फारच कामाची एक तरतूद आहे आणि ती कुणी वापरत नाही: मालमत्तेबद्दल वा मालकीबद्दल विचारलेल्या प्रश्नांना विक्रेत्यानं माहितीप्रमाणे उत्तरं द्यायची असतात. म्हणून प्रश्न लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर का होईना. वरच्या फ्लॅटमधून गळती होते का? स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल काय म्हणतो? सोसायटीची थकबाकी, बँकेचा बोजा, आत पाडलेल्या भिंती? पुनर्विकासाचा ठराव झालाय का? भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का? टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे.

एक सापळा मात्र आहे. कलम 55 मधल्या या जबाबदाऱ्या करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तरच लागू होतात. ‘खरेदीदाराने सदर सदनिका पाहून समाधान केले आहे, ती आहे त्या स्थितीत घेत आहे’ हे वाक्य मसुद्यात हमखास असतं. ते जसंच्या तसं मान्य करू नका. विक्रेत्यानं दिलेली लेखी उत्तरं खरी असल्याची हमी त्याच करारात घालून घ्या. नंतर वाद झालाच तर वैयक्तिक विक्रेत्याविरुद्ध महारेराकडे जाता येत नाही, दिवाणी कोर्टच गाठावं लागतं, आणि त्याला माहीत होतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

माझा कौल असा: खोदून विचारायला, कागद चाळायला वेळ नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला नवा फ्लॅट घ्या, थोडा लहान असला तरी. ती तयारी असेल तर रिसेल. यात मधला पर्यायही आहे. बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट ज्याच्याकडे पुढे विक्रीनं येतो, त्यालाही रेरा मूळ खरेदीदारासारखाच ‘वाटपधारक’ मानतो. म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी ताबा मिळालेला फ्लॅट घेतलात, तर उरलेल्या काळासाठी दोषाची दुरुस्ती बिल्डरकडे मागता येते. विक्रेत्याकडून मूळ ताबापत्राची प्रत मात्र घेऊन ठेवा, कारण पाच वर्षं त्याच तारखेपासून मोजली जातात.