आजीच्या आठवणींचं पुस्तक करून घेतलं, त्या सर्व्हिसचा अनुभव

लातूरला एक मुलगा आहे, घरी येऊन म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करतो आणि त्याचं छोटं बाइंडिंगचं पुस्तक करून देतो. आजीचं करून घेतलं. ६ हजार घेतले, दोन दिवस रेकॉर्डिंग, १० प्रती आणि सगळा ऑडिओ पेन ड्राइव्हमध्ये. पैसे पूर्ण वसूल.

आजी ८९ वर्षांची, माहेर नळदुर्गजवळचं, दिली औसा तालुक्यात. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद संघटना, म्हटलं की आम्हाला एवढंच माहीत, लोक बार्शी-सोलापूरकडं पळून गेले न् १७ सप्टेंबरला निजामानं हात टेकले. शाळेतपण मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्यावर भाषण, बास. ह्या पोरानं तसलं काही विचारलंच नाही, तो विचारायला लागला की घरात धान्य कुठं ठेवायचे, बाजारात कोणते पैसे चालायचे, बांगड्या कोण भरायचं. मग निजामाचा हाली रुपया निघाला, धान्यावरनं बळद, म्हणजे घरातली धान्य साठवायची खोल जागा, निघाली, आणि बळदीवरनं ते निघालं जे तिनं आमच्या वडलांनापण कधी सांगितलं नव्हतं.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज आली, नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं. रझाकार पळाले, पण त्यांच्यावरचा राग नंतर गावागावातल्या गरीब मुसलमानांवर निघाला, ज्यांचं त्यात काही नव्हतं त्यांच्यावरपण. आजीच्या आईनं बांगड्यावाल्या मणेरणीला दोन लेकरांसकट बळदीत उतरवलं, तोंडावर फळी आणि फळीवर कडब्याच्या पेंढ्या. आजी तेव्हा बारा वर्षांची, रात्री दोरीला बांधून भाकरी न् पाण्याचा तांब्या खाली सोडायची. सांगताना तिचा हात दोरी सोडल्यासारखा खाली खाली जात होता. "लेकरू खोकायलं की माय जात्यावर बसायची, आवाज भाईर जाऊ नये म्हनून." लग्नात तिला बांगड्या त्याच मणेरणीनं भरल्या, पैसे घेतले नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळाचंपण खूप आहे, खडी फोडायचं काम, लाल मिलोची, म्हणजे बाहेरदेशातनं आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी थापताना तुटायची, लेकरांना सुकडी. किल्लारीचा भूकंप मात्र तिनं दोन ओळीत संपवला. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत सगळं गेलं, त्यात तिची धाकटी बहीण. तिथं त्यानंपण पुढं विचारलं नाही, मोबाइल बंद करून चहा घेतला. हे मला फार आवडलं.

एक तक्रार आहे आणि ती मोठी आहे. पहिल्या कच्च्या प्रतीत त्यानं आजीची भाषा "शुद्ध" करून टाकली होती, "मूल खोकू लागले की आई जात्यावर बसत असे" असलं काहीतरी. ही आमची आजीच नाही! मी भांडलो, मग त्यानं ऑडिओ ऐकून सगळं परत टाइप केलं, जास्तीचे पैसे मागितले नाहीत, पण महिना गेला त्यात. फोटो काळपट आलेत, कागद अजून जाड पाहिजे. ऑर्डर देतानाच सांगा, बोलली तसंच छापायचं.

आता मोठ्या मामाचं करायचंय, ते ९२ चे आहेत. नंबर दिवाळीनंतरचा दिलाय, मी त्याला म्हणलं थोडं अलीकडं बघ.