फायबरच्या सळया: आठ महिन्यांचा अनुभव आणि दोन लॅबचे दोन आकडे

मी रिपेअरची छोटी कामं घेतो. वर्सोव्याला खाडीलगतच्या एका सोसायटीच्या पार्किंगची लादी, जमिनीवरचीच, खाली भराव, दर चार-पाच वर्षांनी उखडायची. खारी हवा, आतलं लोखंड गंजून फुगतं आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. म्हणून डिसेंबरात तिथे लोखंडाऐवजी १० एमएमच्या ग्लास फायबरच्या, म्हणजे काचेचे तंतू रेझिनने (चिकट प्लास्टिकने) जोडून केलेल्या सळया टाकल्या.

वजन म्हणाल तर मजा आहे. १० एमएमचं लोखंड मीटरला ६१७ ग्रॅम, ही त्याच्या पाव. एकच पोरगा अख्खा गठ्ठा खांद्यावर टाकून आला तर फिटर हसायला लागला, शेठ यापेक्षा बांबू टाका ना!

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना मात्र टेस्ट रिपोर्ट हवा होता. कंपनीच्या कागदावर ताकद ९०० मेगापास्कलच्या वर, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ९०० न्यूटनहून जास्त ओढ. मी नेहमीच्या लॅबमध्ये तुकडे दिले, त्यांनी लोखंडासारखेच थेट मशीनच्या जबड्यात धरले, कडकड आवाज आला आणि ३८ किलोन्यूटनलाच जबड्यापाशी केरसुणीसारखे तंतू पिंजून बाहेर. सळईच्या क्षेत्रफळाने भागलं तर हिशोब ४८० मेगापास्कलच्या आसपास. काकांनी मलाच झापलं.

दोष सळईचा नव्हता, धरण्याचा होता. तंतू सगळे लांबीत, त्यामुळे ओढायला दणकट पण आडवं दाबलं की चिरडतात, आणि जबड्याचे दात नेमकं तेच करतात. नीट टेस्ट म्हणजे दोन्ही टोकांना स्टीलचा पाइप घालायचा, आत इपॉक्सी किंवा फुगणारं ग्राउट भरायचं, सुकू द्यायचं आणि जबड्यात पाइप धरायचा, एएसटीएम डी ७२०५ या अमेरिकन टेस्ट स्टँडर्डमध्ये हेच आहे. दुसऱ्या लॅबने तसं केलं, दिवस जास्त आणि पैसेही, पण ७२ ते ७५ किलोन्यूटन आले, म्हणजे ९०० च्या वरच. आणि तुटते कशी, तर फटाक्यासारखी. लोखंड आधी ताणतं, बारीक होतं, सांगून तुटतं. ही नाही सांगत.

आता खरी गोम. ताकद जास्त असली तरी ताठपणा कमी, लोखंडाचा २०० गिगापास्कल तर हिचा ४५ ते ६० च्या घरात. म्हणजे तेवढ्याच भाराला जास्त लांबणार, भेगा मोठ्या पडणार. विकणारे बिनधास्त सांगतात दुप्पट ताकद आहे, १२ च्या जागी ८ टाका. वरच्या स्लॅबला असलं ऐकू नका, डिझाइनरला विचारा.

साइटवर वाकत नाही, बेंड फॅक्टरीतूनच मागवायचे. काँक्रीटपेक्षा हलकी, म्हणून व्हायब्रेटर लावला की वर तरंगते, आम्ही पहिल्या पट्ट्यात फसलो, नंतर खाली बांधून घेतली. कटरने कापताना मास्क आणि हातमोजे हवेतच, माझा हात दोन दिवस खाजत होता.

पावसाळा बहुतेक उलटला. गेटपाशी जिथे पाण्याचा टँकर वळतो तिथे केसाएवढ्या दोन भेगा आहेत, बाकी ठीक. गंजाचा डाग नाही, पण आठ महिन्यांत तो लोखंडालाही आला नसता, त्यामुळे त्याचं कौतुक आत्ताच करत नाही. गच्चीवर उन्हात राहिलेले तुकडे पांढरट पडलेत, हात लावला की काचेची कुसळं टोचतात, माल ताडपत्रीखाली ठेवा.

काका आता जिन्याच्या बीमलाही हीच टाका म्हणतायत. मी नाही म्हटलंय, आग लागली तर हिचं रेझिन शंभर डिग्रीच्या आसपासच मऊ पडायला लागतं, तिथे लोखंडच टाकणार.