पेला की अमाना: आयोवातील एका दिवसाच्या सहलीसाठी कोणते गाव निवडावे?

शिकागो किंवा आयोवाची राजधानी डी मॉइन येथे मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना सुट्टीच्या दिवशी कोठे न्यावे, असा विषय निघाला की आयोवा राज्यातील दोन नावे हमखास पुढे येतात: डच लोकांनी वसवलेले पेला आणि जर्मन लोकांनी वसवलेले अमाना. दोन्ही वसाहती धर्माच्या कारणावरून युरोप सोडलेल्या लोकांनी १९व्या शतकाच्या मध्यास उभारल्या, दोन्हीकडे खाणे हेच मोठे आकर्षण आहे आणि दोन्हीकडे गाडीवाचून जाणे कठीण आहे. साम्य येथेच संपते. म्हणून कोणत्या ऋतूत जाणार, सोबत कोण आहे आणि ताटात काय चालते, हे आधी ठरवून मग गाव निवडावे.

पेला हे सुमारे १० हजार वस्तीचे गाव डी मॉइनच्या आग्नेयेस, गाडीने तासाभराच्या आत आहे. हेन्री स्कोल्टे या धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली सुमारे ८०० डच स्थलांतरितांनी १८४७ मध्ये ते वसवले. मध्यवर्ती चौक, त्याभोवतीची डच धाटणीची दुकाने, ठरावीक वेळी हलत्या बाहुल्या दाखवणारे घड्याळ, छोटा कालवा आणि २००२ मध्ये उभारलेली १२४ फूट उंचीची व्हर्मीर पवनचक्की हे सारे पायी फिरून पाहता येते. ही पवनचक्की नुसती शोभेची नाही. वाऱ्यावर तिच्यात खरोखर गहू दळला जातो, आणि ते दळण आतून पाहणे ही पेलातील माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट आहे. शेजारच्या ऐतिहासिक संग्रहालयात वायट अर्प या अमेरिकेच्या पश्चिमेकडील गाजलेल्या पोलीस अधिकाऱ्याचे बालपणीचे घर जपलेले आहे. मे महिन्याच्या आरंभी भरणाऱ्या ट्युलिप उत्सवात, जो १९३५ पासून चालत आला आहे, गावकरी डच पोशाखात मिरवणुकीआधी रस्ते झाडून धुतात. तेव्हा गर्दी मात्र अफाट असते.

अमाना हे एक गाव नसून काही मैलांच्या अंतराने विखुरलेल्या सात गावांचा समूह आहे, आणि ते समजून घ्यायचे तर त्याचा इतिहास थोडा तरी माहीत हवा. न्यूयॉर्क राज्यातून आलेल्या एका जर्मन धार्मिक पंथाने १८५५ मध्ये येथे वस्ती केली आणि १९३२ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ, जमीन, गिरण्या व घरे सामाईक मालकीची ठेवली. कोणाच्याही घरात स्वयंपाकघर नव्हते. पन्नासहून अधिक सामाईक स्वयंपाकघरांत बायका रांधत आणि पुरुष व स्त्रिया वेगवेगळ्या मेजांवर बसून, फारसे न बोलता, जेवत. मिडल अमाना येथे असे एक स्वयंपाकघर संग्रहालय म्हणून राखलेले आहे. एकच स्थळ पाहण्याइतका वेळ असेल तर तेच पाहावे. १९२३ च्या आगीत गिरण्यांचे झालेले नुकसान, नंतरची मंदी आणि तरुणांमधील वाढती नाराजी यांमुळे लोकांनी मतदान करून ही व्यवस्था मोडली. दोनच वर्षांनी येथे शीतपेट्यांचा कारखाना निघाला आणि 'अमाना' हे नाव अमेरिकेच्या घराघरांत पोहोचले. अनेक पर्यटक या लोकांना आमिश, म्हणजे आधुनिक यंत्रे टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, समजतात, ते अर्थातच चूक आहे. यंत्रांशी अमानाच्या लोकांचे कधीच वाकडे नव्हते. १८५७ पासूनची लोकरीची गिरणी आजही चालू आहे, तेथील घोंगड्या स्वस्त नाहीत, पण टिकाऊ आहेत.

जेवणाच्या बाबतीत दोन्हींत मोठा फरक आहे. पेलात खाणे म्हणजे मुख्यतः बेकरी: १८९८ पासूनच्या जार्स्मा बेकरीतील 'डच लेटर', म्हणजे बदामाचे सारण भरलेले, इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचे खुसखुशीत पेस्ट्रीचे वेटोळे, हे खाण्यासाठीच लोक वाट वाकडी करून येतात. मांसाहार करणाऱ्यांसाठी धुरी दिलेले, कड्याच्या आकाराचे पेला बलोनी हे सॉसेज आहे. शाकाहारी मंडळींचे मात्र बेकरीतच भागते, आणि अंडे चालत नसेल तर प्रत्येक पदार्थाविषयी विचारून घ्यावे लागते. अमानात उलट बसून जेवण्याचा थाट आहे. रोनेबर्ग किंवा ऑक्स योक इन येथे मुख्य पदार्थ प्रत्येकाने निवडायचा, आणि बटाटे, भाज्या, आंबट कोबी, पनीरसारखे ताजे चीज यांचे वाडगे मेजावर फिरत राहतात, संपले की पुन्हा भरून येतात. आपल्या पंगतीचीच ही पद्धत म्हणावी. श्निट्झेल, म्हणजे पातळ ठोकून, चुरा लावून तळलेले मांस, आणि आंबट रसात मुरवलेले गोमांस ही येथील खासियत असल्याने गोमांस टाळणाऱ्यांनी मागवण्यापूर्वी विचारावे. निव्वळ शाकाहारी माणसाला फिरत्या वाडग्यांवर पोट भरता येते, परंतु कोबीत वा रश्शात मांसाचा अंश असू शकतो. रुबार्ब या आंबट देठांच्या भाजीची वाइन चाखून पाहण्याजोगी आहे, गाडी चालवणाऱ्याने अर्थातच नाही.

माझा कल असा: मेच्या पहिल्या आठवड्यात जाणार असाल, किंवा सोबत लहान मुले आणि शाकाहारी आजीआजोबा असतील, तर पेला निवडावे, कारण सारे एका चौकाभोवती आहे. इतर कोणत्याही वेळी, विशेषतः शिकागोहून सुमारे चार तास गाडी हाकून येणाऱ्यांनी, अमानाच गाठावे. ते वाटेतच, आयोवा सिटीच्या पुढे आय-८० महामार्गाजवळ आहे, तर पेलासाठी आणखी दीड तास जावे लागते. दोन्ही एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. पेलातील अनेक दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून तेथे शनिवारीच जावे. अमानात जानेवारी ते मार्च या काळात बऱ्याच दुकानांच्या वेळा आखडलेल्या असतात, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी.