चमकीची नखं घरी करताय? आधी काढायचं कसं ते ठरवा

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या बेळगावच्या वडगावात एकापाठोपाठ एक मांडव पडायला लागले. मीही हौसेने दहाही नखांना सोनेरी चमकी लावली होती. शेजारची कन्नड बोलणारी मुलगी माझा हात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. "छलो ऐती अक्का," ती म्हणाली, "आद्र हेंग तेगीबेकु?" छान आहे ताई, पण काढायचं कसं? नववीतल्या पोरीने नेमका तोच प्रश्न विचारला, जो बाटली विकत घेताना आपल्याला सुचत नाही.

घरी चमकी लावायची तर तयार चमकीची नेलपॉलिश मिळते, ओल्या रंगावर सुटी चमकी टाकता येते, खाली सोलून निघणारा थर देऊन वर चमकी लावता येते, किंवा लॅम्पखाली वाळवायचं जेल वापरता येतं. चिकटवायची तयार नखंही आहेत. पहिल्या दिवशी सगळीच सारखी चमकतात. खरा फरक काढताना कळतो, म्हणून मी तुलना त्याच टोकाकडून करणार आहे.

साधी नेलपॉलिश सहज निघते, कारण रंगाला धरून ठेवणारा नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनमध्ये किंवा इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळतो आणि सगळं कापसावर येतं. चमकीचा कण मात्र बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचा असतो, वरून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला आणि बारीक षटकोनी कापलेला. तो विरघळत नाही. भोवतीचा रंग गेला तरी कण तिथेच बसून राहतात, त्यांच्या कडांत कापूस अडकतो आणि नखावर पांढरी लव उभी राहते. मग आपण जोर करून घासतो, आणि नुकसान तिथेच होतं.

माझंही झालं आहे. गणपतीत दुसऱ्या दिवशी पहाटे गावाला निघायचं होतं, चमकी निघेना, म्हणून मी सेफ्टी पिन घेतली आणि कण एकेक करून उचकटले. दोन्ही अंगठ्यांवर खडूसारखे पांढरे चट्टे आले आणि नखाचे पापुद्रे ओढणीत अडकायला लागले. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, आणि मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं यायला 4 ते 6 महिने लागतात. गणपतीतले ते चट्टे संक्रांतीलाही टोकाशी दिसत होते. तेव्हापासून पिन, सुरी, ब्लेड यांना मी नखाजवळ येऊ देत नाही.

तयार बाटली की सुटी चमकी?

तयार बाटली नवख्या हाताला बरी. त्यातली चमकी नखांसाठीच केलेली असते, आणि एक थर, फार तर दोन थर दिले की मधून मधून चमकणारं नख मिळतं. भरगच्च हवं असेल तर ब्रशने थरावर थर देऊ नका. मेकअपच्या स्पंजचा छोटा तुकडा घ्या, त्यावर नेलपॉलिश लावा आणि नखावर टिपत जा. पातळ द्रव स्पंज पिऊन टाकतो आणि चमकी तेवढी नखावर उतरते. दिसायला सुंदर दिसतं, पण जितकी दाट चमकी तितकं काढायचं काम वाढतं. चार दिवसांत काढायची असेल तर दहाही नखं भरू नका, दोन पुरे.

सुटी चमकी स्वस्त पडते आणि रंगही हवे तसे मिळतात, पण इथे एक फसगत होते. गणपतीच्या आधी खडेबाजार, गणपत गल्ली या भागात मखरासाठी चमकीच्या पुड्या लटकलेल्या असतात. त्या सजावटीच्या. त्यांचा रंग नेलपॉलिशमधल्या द्रावकात टिकेल याची खात्री नसते. टॉप कोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, लावला की लाल चमकीचा गुलाबी ओघळ नखभर पसरतो. घरी तपासायचं असेल तर स्टीलच्या चमच्यात थोडं रिमूव्हर घ्या, त्यात चिमटीभर चमकी टाका आणि दहा मिनिटांनी बघा. रंग उतरला तर ती पुडी मखरालाच ठेवा. काचेची चमकी तर नखावर अजिबात नको.

दोन्हींना आमच्या हवेचा त्रास सारखाच. जून ते सप्टेंबर सतत पाऊस, आणि डिसेंबरातली थंडी वेगळी. गार हवेत द्रावक सावकाश उडतो. वीस मिनिटांनी बोट लावलं तर वाळल्यासारखं वाटतं, पण आतला थर कित्येक तास मऊच असतो. रात्री लावून झोपलात तर सकाळी नखांवर चादरीचं विणकाम उमटलेलं दिसेल. पातळ थर द्या, दोन थरांमध्ये वेळ जाऊ द्या, आणि दुपारी लावा. लावण्याआधी नखावरचं खोबरेल तेल रिमूव्हरच्या बोळ्याने पुसून घ्या. तेलकट नखावर काहीच टिकत नाही.

फॉइल बांधून काढायची रीत

तयार बाटली असो वा सुटी चमकी, काढायची पद्धत एकच, आणि ती नीट जमली तर घासावं लागत नाही. नखाएवढे कापसाचे बोळे करून ठेवा. डब्यात चपात्या गुंडाळायची फॉइल असते, तिचे चार बोटं रुंदीचे चौकोन कापा. नखाभोवतीच्या कातडीवर व्हॅसलिन लावा, नखावर नाही. बोळा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवा, वरून फॉइल घट्ट गुंडाळा, आणि दहा मिनिटं हात जागचे हलवू नका. उघडा बोळा लगेच सुकतो. फॉइल वाफ धरून ठेवते आणि खालचा पापुद्रा मऊ होतो. मग बोट दाबून, किंचित फिरवून फॉइलसकट बोळा टोकाकडे ओढा. बहुतेक चमकी त्याच्याबरोबर येते. नाही आली तर नवा बोळा, आणखी पाच मिनिटं. उरलेले दोनचार कण जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसा, त्याचे तंतू कापसासारखे सुटत नाहीत. एका वेळी एकच हात बांधा, म्हणजे दुसरा मोकळा राहतो.

रिमूव्हर घेताना दुकानात बाटलीवर 'अ‍ॅसिटोन फ्री' लिहिलेलं पुढे केलं जातं. ते वापरायला सौम्य असतं हे खरं, आणि साध्या रंगाला मीही तेच घेते. चमकीला मात्र ते इतकं सावकाश लागू पडतं की शेवटी घासावंच लागतं. पंधरा-वीस दिवसांतून एकदा दहा मिनिटं अ‍ॅसिटोन, आणि नंतर लगेच हात धुऊन तेल, हे घासण्यापेक्षा नखाला बरं, असं माझं मत आहे. ज्यांची कातडी आधीच फाटते, त्यांच्यासाठी पुढची रीत आहे.

अ‍ॅसिटोनला आगीपासून लांब ठेवायलाच हवं. त्याची वाफ उणे 20 अंश सेल्सिअसला पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने, अगदी थंडीतसुद्धा. स्वयंपाकघरात गॅसजवळ नको, देवघरात समई तेवत असताना नको. खिडकी उघडी ठेवा, बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. प्लास्टिकचं टेबल, चष्म्याच्या काड्या आणि थर्मोकोल यांवर थेंब पडला तर डाग पडतो किंवा पृष्ठभाग विरघळतो. खाली स्टीलचं ताट घ्या.

सोलून निघणारा थर

शेजारच्या मुलीला मी हाच सांगितला. सगळ्या रीतींत हा मला सगळ्यात जास्त आवडतो.

पांढरा फेविकॉल म्हणजे पाण्यात मऊ होणारा गोंद. दोन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी, धुऊन वाळवलेल्या जुन्या बाटलीत ढवळून घ्या. नखावर पातळ हात फिरवा, कडेची कातडी सोडून. लावताना तो दुधासारखा दिसतो. वाळत गेला की पांढरेपणा कडेकडून मध्याकडे विरत जातो आणि नख पारदर्शक दिसायला लागतं. त्याच्या आधी घाई करून चमकी लावली तर सगळं सरकतं. पूर्ण पारदर्शक झाल्यावर वर हवी तितकी चमकी लावा, दाटसुद्धा. काढताना पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात हात ठेवा आणि कडेला नखांच्या चपट्या लाकडी काडीने किंवा दुसऱ्या नखाने हलकेच उचला. मासळीच्या खवल्यासारखं अख्खं पान एका तुकड्यात हातात येतं. अ‍ॅसिटोन नाही, फॉइल नाही.

जे पाण्यात निघतं ते पाण्यात टिकणार नाही, हे मात्र धरून चाला. भांडी घासलीत, कपडे पिळलेत की कडा सुटायला लागतात. लग्नाचा एक दिवस, मंगाईची यात्रा, शाळेचं गॅदरिंग यासाठी हे बरोबर बसतं. आठवडाभर टिकावं अशी अपेक्षा धरू नका. फेविकॉल हा लाकूड-कागदाचा गोंद आहे, नखांसाठी केलेला नाही. ज्यांना कशाचीही ॲलर्जी येते त्यांनी नखांसाठी मिळणारा तयार 'पील ऑफ' बेस घ्यावा. आणि फेविक्विक चुकूनही नको. तो वेगळाच गोंद आहे, कातडी कातडीला जागच्या जागी चिकटवतो आणि सोलताना नखाचा वरचा थर घेऊन येतो.

जेल

जेल दोन-तीन आठवडे जागचं हलत नाही. पण घरी करायला मी कुणालाच सांगणार नाही. जेल हवेने वाळत नाही, ते लॅम्पच्या प्रकाशाने घट्ट होतं. दाट चमकी हा प्रकाश अडवते, त्यामुळे वरून कडक झालं तरी आत कच्चं राहू शकतं. असं कच्चं जेल कातडीला वारंवार लागलं तर त्यातल्या अ‍ॅक्रिलेट प्रकारच्या रसायनांची ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. दात भरताना वापरायच्या मसाल्यातही याच कुटुंबातली रसायनं असतात, म्हणजे नखांपासून सुरू झालेला त्रास दातांपर्यंत जाऊ शकतो. काही जेलमध्ये टीपीओ (Trimethylbenzoyl Diphenylphosphine Oxide) नावाचा, प्रकाशात जेल घट्ट करणारा घटक असतो. युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली आहे. बाटली घ्यायचीच असेल तर घटकांच्या यादीत तेवढं नाव बघा.

काढताना वरचा चकचकीत थर आधी घासून खरबरीत करावा लागतो, मग फॉइल पंधरा मिनिटं. सोलून काढलं तर नख सोलून येतं.

माझ्या बहिणीला नवव्या महिन्यात दहाही बोटांना चमकीचं जेल होतं. अचानक सिझेरियन ठरलं. रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावतात, आणि नखावरच्या रंगामुळे त्याचा आकडा चुकू शकतो. नर्सबाई कापूस घेऊन एका नखाशी झगडत होत्या, बहीण कळा सोसत होती आणि मी नुसती बघत उभी होते. दिवस भरत आलेल्या बाईने किंवा ऑपरेशन ठरलेल्या कुणीही जेल लावूच नये. लावलंच असेल तर निदान एका हाताची दोन नखं मोकळी ठेवावीत.

चिकटवायच्या तयार नखांबद्दल थोडक्यात: सोबतच्या चिकट पट्टीने लावलीत तर कोमट साबणाच्या पाण्यात निघतात, आणि जपून ठेवली तर पुन्हा वापरता येतात. गोंदाने चिकटवली तर जेलसारखीच गत. मापाची मिळाली नाहीत तर केसांत अडकतात.

तुमचे हात दिवसभर काय करतात?

निवड मुख्यतः यावर करा. आमच्याकडे रोज भाकरी होते. टोकाची चमकी झिजून आधी सुटते, आणि ती पिठात दिसते. परातीत पांढऱ्या पिठावर एक निळा ठिपका चमकताना मी स्वतः पाहिला आणि तो गोळा बाजूला काढला. भाकरी थापणाऱ्या हाताला दहाही नखं चमकीची नकोत. डाव्या हाताची अनामिका तेवढी करा, वर टॉप कोटचे दोन थर द्या आणि टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवा. आमच्या वडगावात, खासबागेत मागावर बसणाऱ्या बायका तुटलेला धागा चिमटीत धरून सांधतात. चमकीच्या खरबरीत कडेत रेशमाचा तंतू लगेच अडकतो. निपाणीकडे विड्या वळणाऱ्यांचंही सगळं काम बोटांच्या टोकांनीच चालतं. अशांनी सणाच्या आदल्या दुपारी गोंदाचा थर, आणि कामाला बसण्याआधी सोलून काढणं, हेच धरावं. खानापूरकडे भाताच्या लावणीत चिखलात हात असतात, तेव्हा काहीच टिकत नाही. ते दिवस जाऊ द्यावेत. दुकानात, ऑफिसात बसणाऱ्यांना तयार बाटली आणि फॉइल हे आठवड्याचं गणित बरोबर जमतं.

निघालेली चमकी मोरीत सोडू नका. ते प्लास्टिक आहे, कुजत नाही. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर 2023 पासून निर्बंध आणले, नखांच्या प्रसाधनांना 2035 पर्यंत मुदत दिली. आमच्या वडगाव-शहापूर शिवारातून बळ्ळारी नाला जातो, पावसाळ्यात तोच भाताच्या शेतांत शिरतो. मोरीत सोडलेली चमकी उद्या कुणाच्या तरी बांधावर पडलेली असेल. बोळे, फॉइल आणि सोललेले पापुद्रे कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका. गोंदाचं पान पाण्यात सुटलं तर ते पाणी आधी फडक्यातून गाळा.

शेजारच्या मुलीने रविवारी मावसबहिणीच्या लग्नाला गोंदाचा थर देऊन दहाही नखं चंदेरी केली. सोमवारी शाळेच्या आधी ती आमच्या पायरीवर वाटीत बोटं बुडवून बसली होती, आणि दहा पापुद्रे तिने वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ओळीने मांडून ठेवले होते.