भांगेचे बी, सेंद्रिय आणि साधे: दिवाळी ते पोळा वापरल्यानंतर

आधी कायद्याचे सांगते, कारण जळगावात कुणालाही हे खाते म्हटले की पहिला प्रश्न तोच येतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायचे बी त्या व्याख्येत बसत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) भांगेचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसी, म्हणजे नशेचा घटक, किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नको, ही अट घातली. सासूबाईंनी पाकीट बघताच विचारले होते, “आते घरमा भांग उनी का व?” त्यांनाही हेच सांगितले: नशेचा घटक बियांच्या आत तयार होत नाही, फुलोऱ्याच्या चिकट राळेचा जो अंश टरफलाला लागतो तेवढाच. आता त्या स्वतः चटणी मागून घेतात.

आमच्या घरी मांसाहार नाही, म्हणून प्रथिनांसाठी हे सुरू केले. सोललेल्या बियांत १०० ग्रॅमला साधारण ३० ग्रॅम प्रथिने असतात, तेलही भरपूर. सोललेले बी दह्यात, भाजीत, मुलांच्या पोह्यांवर जाते. चटणीला मात्र टरफलासकट बी हवे. लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायचे, तडतडायला लागले की लगेच उतरवायचे. त्यानंतर दोन मिनिटे जरी राहिले तरी कडू होते. मग सुकी मिरची, लसूण, जिरे, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचे. टरफल दाताखाली येते, म्हणून कुटल्यावर एकदा चाळून घेते. वर लिंबू पिळायचे, उत्तराखंडात कुमाऊंकडे करतात तसे. कळण्याच्या भाकरीसोबत ही चटणी जवसाच्या चटणीच्या तोडीस तोड लागते.

आता मुख्य मुद्दा. सेंद्रिय पाकीट साध्याच्या जवळपास दीडपट महाग. दोन्ही आलटून पालटून आणली. चवीत फरक जाणवला, पण त्याचा सेंद्रियतेशी संबंध नव्हता, ताजेपणाशी होता. नवीन हंगामाचे साधे बी अक्रोडासारखे गोडसर लागले आणि बरेच दिवस पडून राहिलेले सेंद्रिय बी खवट. तेव्हा चवीसाठी जास्त पैसे मोजू नका, पाकिटावरची तारीख वाचा.

मग सेंद्रियचे पैसे कशाचे? आमची चोपड्याकडची शेती कपाशी-केळीची, त्यामुळे फवारणी म्हणजे काय ते घरात माहीत आहे. वार्षिक पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळायला दोन वर्षे रूपांतरणाची, म्हणजे रसायने सोडून शेती करण्याची, काढावी लागतात. त्या काळात उत्पन्न घटते, शेजारच्या बांधावरून औषध उडून येण्याची भीती वेगळीच. हे करणाऱ्या शेतकऱ्याला जास्त भाव मिळालाच पाहिजे, आणि तेवढ्यासाठी मी सेंद्रिय घेते. पण भांगेला कपाशीइतक्या फवारण्या लागतच नाहीत. म्हणून साधे बी म्हणजे विषच, असे कुणी सांगितले तर ते मला पटत नाही.

या झाडाची एक गोष्ट मात्र प्रत्येक ग्राहकाला माहीत हवी. भांग जमिनीतले कॅडमियम, शिसे असे जड धातू ओढून घेते. म्हणूनच दूषित जमीन साफ करण्यासाठीही तिचा उपयोग करून पाहतात. सेंद्रिय प्रमाणपत्र सांगते की रासायनिक खते-औषधे वापरली नाहीत. त्या मातीत आधीपासून काय मुरले आहे, ते सांगत नाही. त्यामुळे पाकिटावरची सेंद्रिय खूण बघून मी थांबत नाही, बॅच क्रमांक देऊन लॅब रिपोर्ट मागते. एका विक्रेत्याने त्याच बॅचचा रिपोर्ट त्याच दिवशी पाठवला, त्यात टीएचसी आणि जड धातू दोन्हींचे आकडे होते. त्याचे बी साधे होते. दुसऱ्याने हिरव्या पानांची सुंदर पाकिटे पाठवली आणि रिपोर्टबद्दल शेवटपर्यंत उत्तर दिले नाही. मी पहिल्याकडून घेते.

‘नैसर्गिक’, ‘डोंगरातले’, ‘केमिकल-फ्री’ हे शब्द कुणीही छापू शकतो. प्रमाणित मालावर एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारी प्रमाणपत्र योजनांपैकी एकीची खूण असते. पीजीएसमध्ये ‘ग्रीन’ लिहिले असेल तर ती जमीन अजून रूपांतरणात आहे.

अमेरिकेतही गोंधळ कमी नाही. तिथे २०१८ पासून हेम्प, म्हणजे अगदी कमी टीएचसीची भांग, केंद्राच्या कायद्याने चालते, म्हणून त्याला सरकारी सेंद्रिय शिक्का मिळतो. गांजा केंद्रात बेकायदा असल्याने त्याला तो मिळत नाही. मग कॅलिफोर्नियाने गांजासाठी ‘ओकॅल’ नावाची स्वतःची योजना काढली. आपल्याकडे गांजाच बेकायदा, त्यामुळे तो प्रश्नच नाही. शिरपूरकडे गांजाच्या शेतीवर कारवाई झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या मालात काय फवारले, हे विचारायला ग्राहकाकडे कुठलीच जागा नाही, त्यामुळे त्याला ‘ऑरगॅनिक’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तेलाबद्दल माझे मत कडक आहे. ते उष्णता आणि उजेड सहन करत नाही, फोडणीला तर अजिबात चालत नाही. मे महिन्यात कुरिअरने मागवलेली सेंद्रिय तेलाची बाटली उघडली तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. माल निघताना चांगला असेलही, पण आपल्याकडचे ऊन आणि पत्र्याचे गोदाम यात त्याचे काय होणार? विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. आता तेल फक्त हिवाळ्यात, गडद काचेच्या लहान बाटलीत घेते आणि फ्रिजमध्ये ठेवते. सोललेले बीही फ्रिजमध्येच. टरफलासकटचे बी बरणीत चांगले राहते, तरी उन्हाळ्याआधी संपेल एवढेच भरा. नव्याने खाणाऱ्यांनी रोज एका चमच्यापासून सुरुवात करावी, एकदम जास्त खाल्ले तर पोट बिघडते.