छायाचित्रण आणि चित्रीकरण एकाच कॅमेऱ्यावर: लुमिक्स एस५ टू अनेक महिने वापरल्यानंतर

दोन्ही कामांसाठी मिळून एकच फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मइतक्या सेन्सरचा) मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यायचा ठरवले की माणूस प्रथम तुलनेचे तक्ते उघडतो. तक्त्यात फोटोचे आकडे वेगळे आणि व्हिडिओचे वेगळे दिलेले असतात. पण एकाच कार्यक्रमात एकाच माणसाला दोन्ही करायचे असेल, तर एका कामातून दुसऱ्या कामात किती चटकन जाता येते, याचा रकाना त्यात नसतो. पॅनासोनिकचा लुमिक्स एस५ टू बरेच महिने सातत्याने वापरल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की कॅमेऱ्याची निवड याच एका प्रश्नावर व्हायला हवी.

नुसत्या आकड्यांवर गेले तर जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेला हा कॅमेरा सर्वांच्या पुढे नाही. सोनीच्या ए७ फोरमध्ये ३३ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, येथे २४ चा. कॅननचा आर६ मार्क टू सेकंदाला ६० फ्रेमचे फोर-के चित्रीकरण सेन्सरची पूर्ण रुंदी वापरून करतो. एस५ टू आणि ए७ फोर हे दोन्ही त्यासाठी फ्रेम आक्रसून घेतात. निकॉनच्या झेड६ थ्रीचा सेन्सर अंशतः स्टॅक्ड (थरांवर थर रचलेला) असल्यामुळे त्याचे वाचन फार जलद होते. हे सगळे तपासूनही मी एस५ टू निवडला तो प्रामुख्याने संपूर्ण सेन्सरवर होणाऱ्या चित्रीकरणासाठी, म्हणजेच ओपन गेटसाठी.

ओपन गेटमध्ये व्हिडिओची फ्रेम फोटोसारखीच ३:२ प्रमाणाची, ५९५२ गुणिले ३९६८ पिक्सेलची मिळते. याचा पहिला फायदा नजरेला होतो. फोटो काढताना डोक्यावर किती जागा सोडायची आणि हात कुठे कापला जाईल याचा जो अंदाज बसलेला असतो, तोच व्हिडिओसाठी चालतो; प्रत्येक वेळी १६:९ च्या चौकटीचा वेगळा विचार करावा लागत नाही. दुसरा फायदा संकलनाच्या टेबलावर कळतो. नेहमीच्या फोर-के फ्रेममधून मोबाइलसाठी उभा ९:१६ तुकडा कापला तर त्याची रुंदी जेमतेम १२१५ पिक्सेल उरते. ओपन गेटच्या फ्रेममधून तोच तुकडा २२३२ गुणिले ३९६८ पिक्सेलचा निघतो, म्हणजे कॅमेरा आडवा धरूनही उभे फोर-के हाती येते आणि त्याच चित्रीकरणातून आडवी आवृत्तीही तयार होते. या सोयीची किंमत साठवणुकीत मोजावी लागते. २०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने तासाला सुमारे ९० गिगाबाइट जागा लागते, वेग सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच मिळतो आणि एचईव्हीसी या अतिशय दाबून साठवणाऱ्या स्वरूपाच्या फायली संकलनासाठी जड असल्यामुळे आधी हलक्या प्रॉक्सी (संकलनापुरत्या कमी दर्जाच्या प्रती) तयार करून घेणे शहाणपणाचे ठरते. कार्ड मात्र फार महाग वर्गाचे लागत नाही; व्ही३० वर्गाचे (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारे) चांगले एसडी कार्ड या दराला पुरते.

कॅमेऱ्यात पंखा आहे आणि लांब भाषणे किंवा मैफिली सलग टिपणाऱ्यांसाठी ही गोष्ट मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाची आहे. चित्रीकरण चालू असताना लक्ष तापमानाच्या खुणेकडे न राहता विषयाकडे राहते.

लुमिक्समध्ये फेज-डिटेक्शन फोकस (फोकस पुढे न्यायचा की मागे हे थेट ओळखणारी पद्धत) प्रथम याच मॉडेलमध्ये आला. नुसत्या कॉन्ट्रास्टवर चालणाऱ्या पद्धतीत फोकस शोधताना पार्श्वभूमी किंचित श्वास घेतल्यासारखी हलते. येथे तो प्रकार जाणवत नाही. वक्ता कागदात पाहण्यासाठी मान खाली घालतो, डोळे दिसेनासे होतात, तेव्हा फोकसची चौकट डोळ्यावरून डोक्यावर सरकते आणि त्याने मान वर करताच पुन्हा डोळ्यावर येते. या अदलाबदलीत वक्त्याच्या मागच्या पडद्यावर फोकस उडी मारत नाही. मुलाखतींसाठी मी आता निर्धास्तपणे यावर विसंबतो.

सर्वांत अधिक विचार करायला लावणारी बाब म्हणजे प्रकाशाचे नियंत्रण. व्ही-लॉगमध्ये (नंतर रंग बसवण्यासाठी फिकट चित्र देणाऱ्या पॅनासोनिकच्या व्हिडिओ शैलीत) मूळ आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ६४० असतो, तर नेहमीच्या फोटोसाठी तो १००. दोहोंत सुमारे पावणेतीन स्टॉपचे अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). सेकंदाला २५ फ्रेमने चित्रीकरण करताना शटर १/५० वर ठेवायचे आणि उन्हात लेन्सचे छिद्र एफ/२.८ ठेवायचे म्हटले, तर साधारण साडेआठ ते नऊ स्टॉप प्रकाश अडवावा लागतो. म्हणजे गडद एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची प्रकाश अडवणारी काच) अटळ झाला. पुढच्याच क्षणी हसणाऱ्या मुलाचा फोटो १/५०० ने टिपायचा असेल तर तोच फिल्टर आड येतो. फोटो आणि व्हिडिओची एक्स्पोजर सेटिंग वेगवेगळी लक्षात ठेवायला कॅमेऱ्याला सांगता येते, त्यामुळे डायल फिरवताच शटर, आयएसओ आणि रंगाची शैली बदलते. फिल्टर मात्र हातानेच काढावा लागतो. यासाठी चुंबकीय कडीचा फिल्टर घ्यावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

येथेच लेन्सची निवड कॅमेऱ्याइतकी महत्त्वाची ठरते. लुमिक्सच्या एफ/१.८ मालिकेतील १८, २४, ३५, ५० आणि ८५ मिलिमीटरच्या लेन्सना, तसेच २०-६० झूमलाही, ६७ मिलिमीटरचाच फिल्टर बसतो. एफ/१.८ च्या या लेन्सचा आकार जवळपास सारखा आणि वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असल्याने गिंबलवर (कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या उपकरणावर) लेन्स बदलली तरी तोल नव्याने साधण्यात वेळ जात नाही. या कॅमेऱ्याची लेन्स बसवण्याची पद्धत, एल माउंट, २०१८ पासून लायका आणि सिग्मासोबत सामायिक असल्याने पर्यायही बरे आहेत. तरीही लेन्सच्या वैविध्यात सोनीचा ई माउंट आजही पुढे आहे, हे मान्य करायला हवे.

शांत विषयांचे फोटो, व्यक्तिचित्रे आणि निसर्गदृश्ये यांत मला काहीही उणे वाटले नाही. हातात धरून ९६ मेगापिक्सेलचे छायाचित्र घडवण्याची सोय वास्तूंच्या कामात विशेष उपयोगी पडते. पक्षी किंवा मैदानी खेळ हा मुख्य विषय असेल तर मात्र मी हा कॅमेरा सुचवणार नाही. यांत्रिक शटरने सतत फोकस ठेवून सेकंदाला ७ फ्रेम मिळतात. इलेक्ट्रॉनिक शटरने ३० मिळतात, पण सेन्सर स्टॅक्ड नसल्यामुळे वेगाने फिरणारी बॅट वाकलेली दिसू शकते आणि काही एलईडी दिव्यांखाली पट्टे उमटतात. अशांनी झेड६ थ्री हाताळून पाहावा. ज्यांना थेट एसएसडीवर चित्रीकरण किंवा ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारे) स्वरूप हवे आहे, त्यांच्यासाठी त्याच बांध्याचा एस५ टू एक्स उपलब्ध आहे.